वसाहतकाळातल्या अमेरिकेतले क्वेकर: एका निर्णयाला ८८ वर्षं का लागली?

पानवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथे प्युरिटन लोकांवर आणि मेफ्लॉवर जहाजावर बरंच लिहून झालंय पण क्वेकर या ख्रिस्ती पंथावर स्वतंत्र धागा दिसला नाही, म्हणून हा प्रपंच. आधीच सांगतो, मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे पण आरती ओवाळायची नाहीये. मला ज्या प्रश्नानं धरून ठेवलंय तो एकच. माणूस विकत घेणं पाप आहे हे त्यांच्यातल्या चार जणांनी १६८८ सालीच कागदावर लिहून दिलं होतं. मग गुलाम ठेवणाऱ्याचं सभासदत्व काढून घ्यायचा नियम फिलाडेल्फियाच्या यर्ली मीटिंगनं (त्या भागातल्या क्वेकरांची वार्षिक सभा) केला तो थेट १७७६ साली, असं का? मधली ८८ वर्षं हे लोक काय करत होते?

उत्तर मला वाटतं त्यांच्या श्रद्धेतच आहे, म्हणून आधी ती थोडक्यात. इंग्लंडमध्ये १६५०च्या आसपास जॉर्ज फॉक्स नावाचा माणूस गावोगाव फिरून सांगायला लागला की प्रत्येक माणसाच्या आत देवाचा अंश आहे, प्रकाश आहे, आणि तो थेट बोलतो, मध्ये पाद्री नको. हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं आपोआप येतं. पाद्री नाही, बाप्तिस्मा नाही, चर्चमध्ये क्रूस नाही, प्रवचनाचा चौथरा नाही. सगळ्यांच्या आत तोच प्रकाश तर मग न्यायाधीशासमोर टोपी का काढायची आणि सरदाराला 'तुम्ही' आणि नोकराला 'तू' का म्हणायचं, तर सगळ्यांनाच 'तू'. शपथ घ्यायची नाही कारण शपथेवर खरं बोलणारा एरवी खोटं बोलतो असा अर्थ होतो. युद्ध नाही, कारण समोरच्याच्या आतही तोच. वारांची आणि महिन्यांची नावं जुन्या दैवतांवरून आलेली म्हणून तीही टाकली, पहिला दिवस, दुसरा दिवस असं म्हणायचे. (१७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं त्यामुळे त्यांच्या जुन्या कागदांत 'पहिला महिना' म्हणजे मार्च, हे लक्षात ठेवलं नाही तर तारखांचा फार घोळ होतो.)

अमेरिकेत त्यांना हक्काची जागा मिळाली ती विल्यम पेनमुळे. पेनच्या वडिलांचे, म्हणजे अ‍ॅडमिरल पेनचे, राजाकडे १६,००० पौंड येणं होतं, आणि दुसऱ्या चार्ल्सनं ते पैशात न फेडता ४ मार्च १६८१ला डेलावेअर नदीच्या पश्चिमेचा प्रचंड प्रदेश मुलाच्या नावे करून दिला, तोच पेनसिल्व्हेनिया. पेन १६८२च्या ऑक्टोबरमध्ये 'वेलकम' जहाजानं पोचला, वाटेत देवीची साथ आली आणि जवळजवळ १०० प्रवाशांतले ३०च्या आसपास दगावले. तरी लोक येत राहिले, इंग्लंडमधून, वेल्समधून, आयर्लंडमधून, ऱ्हाइनकाठच्या जर्मन आणि डच गावांमधून. कुठल्याही पंथाचा माणूस असो, एका देवाला मानतो ना, मग त्याला त्याच्या पद्धतीनं भक्ती करू द्यायची हा कायदाच होता. आणि ज्या काळात इंग्लंडमध्ये चोरीलाही फाशी व्हायची त्या काळात पेननं फाशी फक्त खून आणि राजद्रोहापुरती ठेवली.

आता मुद्दा. यांची निर्णय घ्यायची पद्धत. मतदान नाही! सभेत सगळे बसतात, ज्याला आतून काही सुचलं तो उभा राहून बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये बराच वेळ शांतता, आणि क्लार्क म्हणून नेमलेला माणूस सभेचा एकूण कौल काय दिसतोय ते टिपून तिथल्या तिथे वाचून दाखवतो. वजनदार लोकांपैकी कुणी ठाम अडून बसलं की विषय पुढच्या बैठकीवर. यात खूप सुंदर असं काहीतरी आहे, ५१ जणांनी ४९ जणांना दाबायचं नाही. पण याच दारातून ८८ वर्षं आत आली.

जर्मनटाऊनचा तो १६८८चा कागद लिहिणारे फ्रान्सिस डॅनिएल पास्टोरियस, गॅरेट हेन्ड्रिक्स आणि ऑप डेन ग्राफ बंधू. युरोपात छळ सोसून आलेली माणसं. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं: तुम्हाला कुणी असं पकडून विकलं तर चालेल का? चोरीचा माल घेऊ नये म्हणता, मग चोरलेली माणसं कशी घेता? आणि उद्या हे गुलाम उठले तर तुम्ही, शस्त्र न धरणारे, त्यांच्यावर तलवार उपसणार का? कागद मंथली मीटिंगमध्ये (जवळपासच्या क्वेकरांची मासिक सभा) गेला, ते म्हणाले विषय फार जड आहे आमच्या आवाक्याबाहेरचा, क्वार्टर्ली मीटिंगकडे पाठवा. त्यांनी यर्ली मीटिंगकडे पाठवला. यर्ली मीटिंगनं बाजूला ठेवला. पुढे हा कागद असा विस्मरणात गेला की १८४४ साली पुन्हा हाती लागला.

कुणी त्यांना खोटं पाडलं नाही, शिक्षा केली नाही. नुसतं पुढे ढकललं. मला ते जास्त लागतं.

जाणकारांनी भर घालावी.

गवतफूल

छान सुरुवात. एक बेसिक शंका, क्वेकर आणि ते घोडागाडीवाले अमिश हे एकच का? आणि प्युरिटन पण इंग्लंडमधून धर्मासाठीच पळून आले होते ना, मग दोघांचं जमायला हवं होतं.

पानवठा

@गवतफूल, अमिश वेगळे, ते स्वित्झर्लंडकडच्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट (मोठेपणीच बाप्तिस्मा घेणाऱ्या) परंपरेतले. पेनसिल्व्हेनियात सगळ्यांनाच थारा मिळाला म्हणून आज एकाच राज्यात दिसतात. साधे कपडे आणि शस्त्र न धरणं हे दोघांत आहे त्यामुळे गोंधळ होतो.

प्युरिटनांशी मात्र अजिबात जमलं नाही. जुलै १६५६ मध्ये मेरी फिशर आणि अ‍ॅन ऑस्टिन या दोन बायका बार्बाडोसहून बॉस्टनला उतरल्या. त्यांची पुस्तकं जाळली, चेटकिणीच्या खुणा आहेत का म्हणून कपडे उतरवून अंग तपासलं, तुरुंगाची खिडकी फळ्या ठोकून बंद केली आणि पाच आठवड्यांनी परत जहाजावर चढवलं. त्या काळात निकोलस अपसॉल नावाचा एक म्हातारा खाणावळवाला तुरुंगाधिकाऱ्याला पैसे चारून त्यांना जेवण पोचवत होता, पुढे त्यालाही हद्दपार केलं. नंतर कायदे कडक होत गेले. क्वेकरांना आणणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला १०० पौंड दंड, मग कान कापणं, मग १६५८ मध्ये हद्दपारीनंतर परत आलात तर फाशी.

आणि ते परत आले! २७ ऑक्टोबर १६५९ला विल्यम रॉबिन्सन आणि मार्मड्यूक स्टीव्हनसन यांना फाशी दिली, लोकांनी त्यांचं बोलणं ऐकू नये म्हणून ढोल बडवत नेलं. तिसरी मेरी डायर. तिचे हातपाय बांधले, तोंड झाकलं आणि शेवटच्या क्षणी माफी वाचून दाखवली. पुढच्या वसंतात ती पुन्हा बॉस्टनला आली. १ जून १६६०ला तिला फाशी झाली. १६६१च्या मार्चमध्ये विल्यम लेड्रा, तो चौथा आणि शेवटचा, कारण त्याच वर्षी राजाचा हुकूम आला की फाशी थांबवा.

प्युरिटनांना स्वतःच्या धर्माचं स्वातंत्र्य हवं होतं. सगळ्यांच्या धर्माचं हवंय असं त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं.

मुपो_डेलावेअर

वा, माझ्या अंगणातला विषय. मी फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला राहतो, जवळच मेरियनला १६९५च्या सुमाराचं मीटिंग हाऊस आहे, वेल्समधून आलेल्या क्वेकरांनी दगडात बांधलेलं, अजूनही रविवारी सभा भरते. या भागातली ब्रिन मॉर, राडनॉर ही नावं त्याच वेल्श लोकांची.

आत गेलात तर पहिल्यांदा वाटतं अरे इथे काहीच नाहीये. लाकडी बाकं, पांढऱ्या भिंती, साध्या काचेच्या खिडक्या. समोर थोड्या उंचीवर सभेकडे तोंड करून दोन-तीन बाकं असतात ती वडीलधाऱ्यांची आणि ज्यांना बोलण्याची देणगी आहे असं सभेनं मानलंय त्यांची. जुन्या काळात पुरुष एका बाजूला बायका एका बाजूला. बऱ्याच जुन्या इमारतींत मधोमध लाकडी फळ्यांची सरकणारी भिंत असते, उपासनेच्या वेळी ती उघडी आणि कामकाजाच्या वेळी बंद, कारण बायकांची कामकाजाची सभा स्वतंत्र, त्यांची क्लार्क स्वतंत्र, नोंदवही स्वतंत्र. १७०० साली बायका स्वतःची इतिवृत्तं लिहीत होत्या हे लक्षात घ्या.

मी बसलोय तिथे. पहिली दहा-पंधरा मिनिटं आपलंच डोकं आवाज करतं, मग हळूहळू खोली ऐकू यायला लागते, बाकाची कुरकुर, कुणाचं खोकणं. त्या दिवशी एक आजी उठल्या, चार वाक्यं बोलल्या आणि बसल्या. कुणी उत्तर दिलं नाही, मान डोलावली नाही, पुन्हा शांतता. शेवटी दोघांनी हात मिळवले की सभा संपली. ३०० वर्षांपूर्वीही साधारण हेच होत असणार, फक्त तेव्हा हिवाळ्यात शेकोटीशिवाय बसत असतील आणि बाहेर घोडे बांधलेले असतील.

बखर

धागा चांगला आहे पण दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली, पेन स्वतः गुलाम बाळगून होता. पेन्सबरी नावाच्या त्याच्या वाड्यावर गुलाम राबत होते. आणि १६८४ मध्ये, म्हणजे वसाहत उभी राहून दोन-तीन वर्षं झाली तोवर, 'इझाबेला' जहाजातून १५० आफ्रिकी माणसं फिलाडेल्फियात आणून विकली, घेणाऱ्यांत क्वेकरच होते, जंगल तोडायला आणि घरं बांधायला हात हवे होते. ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टमध्ये तर क्वेकर व्यापारी गुलामांच्या धंद्यात होते. तेव्हा ती ८८ वर्षं निव्वळ पद्धतीमुळे गेली हे मला पटत नाही. निर्णय घेणाऱ्या बाकांवर जे बसले होते त्यांच्याच घरी गुलाम होते. सरळ हिशोब आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. पेननं तिथल्या मूळ रहिवासी लेनापी लोकांकडून जमीन विकत घेतली, त्यांची भाषा थोडी शिकला, शॅकामॅक्सनला त्यांचा मुखिया तमानेंडबरोबर तह केला, त्या तहाची तारीफ व्होल्तेरनंही केली, सगळं खरं आणि कौतुकाचं. पण १७३७ ला त्याच्या मुलांनी काय केलं? एक जुना कागद काढला, दीड दिवसात माणूस जितका चालेल तितकी जमीन आमची. लेनापींना वाटलं चालायचं म्हणजे माणूस चालतो तसं, थांबत, जेवत. यांनी आधी रान साफ करून वाट पाडली, तिघं निवडक पळणारे आणले, त्यातला एडवर्ड मार्शल ६० मैलांच्या वर गेला. त्या मुलांतल्या थॉमस पेननं पुढे क्वेकर पंथ सोडला हे मान्य, पण त्याचा कारभारी जेम्स लोगन क्वेकरच होता की. २० वर्षांच्या आत त्याच सरहद्दीवर रक्त सांडलं.

पानवठा

@बखर, जमिनीचं १०० टक्के मान्य, मी मूळ लेखात घ्यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे ते. गुलामांच्या बाबतीत तुमचं माझं म्हणणं विरोधी नाहीये. वरच्या बाकांवर मालक बसले होते म्हणून कौल येत नव्हता, आणि कौल आल्याशिवाय नियम नाही या पद्धतीमुळे त्या मालकांना नुसतं गप्प बसून चालत होतं. दोन्ही मिळून ८८ वर्षं.

आणि सरहद्दीवरच्या रक्ताचंच घ्या. १७५६च्या एप्रिलमध्ये गव्हर्नरनं डेलावेअर म्हणजे लेनापींविरुद्ध युद्ध पुकारलं, कापलेल्या शिरांच्या कातडीला बक्षीस लावलं. क्वेकर तेव्हा असेंब्लीत बहुमतात होते, ७० वर्षं राज्य त्यांचंच. लढाईला पैसे मंजूर करायचे की नाही? जूनमध्ये सहा जणांनी राजीनामे दिले. कुणी म्हणेल पळाले, सरहद्दीवरच्या शेतकऱ्यांनी तर उघड म्हटलं की फिलाडेल्फियात सुरक्षित बसून शांततेच्या गप्पा मारता. तो राग मला समजतो. पण इझ्रायल पेंबर्टन आणि इतर क्वेकरांनी स्वतःचे पैसे घालून लेनापींशी बोलणी सुरू केली, त्यांच्या जमिनीच्या तक्रारी नोंदवून घेतल्या, १७३७चीसुद्धा. सत्ता सोडल्यावरच त्यांना आपल्या श्रद्धेसारखं वागता आलं असं मला दिसतं, आणि गुलामांच्या प्रश्नावरची हालचालही त्याच सुमारास सुरू झाली.

शाईदौत

मग बेंजामिन लेबद्दल लिहायलाच हवं, कसा काय राहिला अजून!

उंची चार फुटांच्या आसपास, पाठीला कुबड, आधी खलाशी होता. बार्बाडोसमध्ये दुकान टाकलं आणि तिथे उसाच्या मळ्यांवरचे गुलाम उपाशी, फटके खाल्लेले रोज दुकानापुढे पाहिले, ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. बायको सारा, तीही तशीच ठेंगणी, आणि ती क्वेकरांत मान्यता असलेली उपदेशक होती. पेनसिल्व्हेनियात आल्यावर अ‍ॅबिंग्टनजवळ गुहेत राहायला लागला, भाजी स्वतः पिकवायची, कपडे स्वतः विणायचे, मांस नाही, साखर नाही कारण ती गुलामांच्या घामाची.

१७३८ला बर्लिंग्टनच्या यर्ली मीटिंगला गेला. अंगावर मोठा झगा, आत सैनिकाचा पोशाख आणि तलवार (क्वेकरांच्या सभेत!). हातात बायबलसारखं दिसणारं पुस्तक, त्याची आतली पानं कापून पोकळ केलेलं आणि त्या पोकळीत पोकबेरीच्या लाल रसानं भरलेला प्राण्याचा मूत्राशय. बोलायला उभा राहिला, झगा टाकला आणि म्हणाला की जे आपल्या सोबतच्या माणसांना गुलाम करतात त्यांचं रक्त देव असंच सांडेल, आणि तलवार पुस्तकात खुपसली. लाल रस शेजारच्या गुलाममालकांच्या अंगावर उडाला. त्याला उचलून बाहेर टाकलं. त्याचं पुस्तक बेंजामिन फ्रँकलिननं छापलं, पण मुखपृष्ठावर छापणाऱ्याचं नाव घातलं नाही.

आणि याच काळात न्यू जर्सीच्या माउंट हॉलीत जॉन वुलमन. पूर्ण उलटा स्वभाव. दुकानात कारकून होता, वय विशीच्या सुरुवातीचं, मालक म्हणाला एक काळी बाई विकलीय, खरेदीखत लिहून दे, गिऱ्हाईक समोर थांबलंय. घेणारा एक वयस्कर क्वेकर. वुलमननं लिहून दिलं, आणि मग दोघांच्या तोंडावर सांगितलं की मला हे ख्रिस्ती धर्माशी विसंगत वाटतं. पुढच्या वेळी मात्र कुणी तसला कागद मागितला तर नाही म्हणायला लागला, मृत्युपत्रसुद्धा, त्यात गुलाम मुलाच्या नावे करायचा असेल तर. नंतरची जवळजवळ ३० वर्षं तो घोड्यावरून किंवा पायी एकेका क्वेकर मालकाच्या घरी जात राहिला. जेवायचा, राहायचा, आणि निघताना त्या घरातल्या गुलामांनी आपली जी सेवा केली तिचे पैसे त्यांना देऊन यायचा. यजमानाची काय अवस्था होत असेल विचार करा, भांडण नाही, उपदेश नाही, पण पाहुण्यानं मजुरी चुकती केली. धंदा फार वाढतोय म्हणून दुकान सोडून शिवणकाम करत राहिला. १७७२ मध्ये इंग्लंडला गेला तिथे यॉर्कला देवीनं वारला.

१७५८च्या यर्ली मीटिंगमध्ये वुलमन बोलला आणि गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना कामकाजाच्या सभेतून दूर ठेवायचा निर्णय झाला. ही बातमी म्हाताऱ्या लेपर्यंत पोचली, पुढच्याच वर्षी तो गेला. लेला क्वेकरांनी सभेतून काढलं होतं आणि वुलमनला डोक्यावर घेतलं, पण मला वाटतं ले ओरडला नसता तर वुलमनचं हळू बोलणं कुणाला ऐकू गेलं नसतं.

मुपो_डेलावेअर

@शाईदौत जबरदस्त प्रतिसाद. ते मजुरी देण्याचं माहीत नव्हतं.

अबोली२

बायकांबद्दल मुपोंनी सुरुवात केलीय म्हणून थोडी भर.

लग्न. पाद्री नसल्यामुळे लग्न लावणारं कुणी नाहीच. मुलगा-मुलगी मंथली मीटिंगपुढे उभे राहून इरादा सांगायचे, मग दोघांच्या बाजूनं चौकशी करायला माणसं नेमायचे, दुसरीकडे कुठे शब्द दिलेला नाही ना, आईवडिलांची संमती आहे ना. पुढच्या महिन्यात पुन्हा इरादा सांगायचा. मग एका सभेत दोघं उठून एकमेकांना वचन देणार, झालं लग्न. एक मोठा कागद लिहायचे आणि हजर असलेले सगळे त्यावर सही करायचे, सगळे म्हणजे बायकासुद्धा. बाहेरच्या पंथात लग्न केलं तर मात्र सभासदत्व गेलं. अमेरिकेच्या झेंड्यासाठी प्रसिद्ध असलेली बेट्सी रॉस अशीच बाहेर गेली. उपासनेला येऊन बसायला अशा माणसांना बंदी नसायची, पण कामकाजात जागा नाही.

दुसरं, १७७७. क्रांतियुद्धात क्वेकर दोन्ही बाजूंनी लढायला नाही म्हणाले, निष्ठेची शपथही घेईनात, तर त्यांच्यातल्या प्रमुख लोकांना खटला न चालवता व्हर्जिनियात विंचेस्टरला हद्दपार केलं. फिलाडेल्फियाच्या एलिझाबेथ ड्रिंकरचा नवरा त्यात होता. ती आणि आणखी तिघी बायका १७७८च्या एप्रिलमध्ये लढाई चालू असताना बग्गीत बसून व्हॅली फोर्जला थेट जॉर्ज वॉशिंग्टनच्या छावणीत गेल्या, नवऱ्यांना सोडा म्हणायला. त्याच महिन्यात सुटका झाली. कुठून आलं हे धैर्य? लहानपणापासून सभेत उभं राहून बोलायची सवय असलेल्या बायका होत्या त्या.

आणि आपल्याशी थेट नातं सांगते. १८५० साली फिलाडेल्फियात बायकांसाठी जे वैद्यकीय कॉलेज निघालं त्याच्या स्थापनेत क्वेकर पुढे होते, अ‍ॅन प्रेस्टन ही त्याची पहिली स्त्री डीनही क्वेकर घरातली. त्याच कॉलेजातून ११ मार्च १८८६ला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. त्या कॉलेजची पाळंमुळं या लाकडी बाकांवरच्या सभांमध्ये आहेत हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

बखर

@अबोली२ आनंदीबाईंचा दुवा मस्त. धन्यवाद.

गवतफूल

सगळं वाचून काढलं. आता शेवटचा प्रश्न, १७७६ ला नियम झाला, पण ज्यांना सोडलं त्या माणसांचं पुढे काय? नुसतं जा म्हणून मोकळं केलं का?

पानवठा

@गवतफूल, खरी परीक्षा तिथेच आहे आणि निकाल संमिश्र आहे.

चांगलं आधी. मंथली मीटिंगांनी समित्या नेमल्या, त्या घरोघर जाऊन मालकांकडून मुक्ततेचे कागद लिहून घ्यायच्या. डेलावेअरच्या वॉर्नर मिफ्लिननं १७७४-७५ मध्ये आपले गुलाम सोडले आणि आजवर केलेल्या कामाचा मोबदलाही दिला. अँथनी बेनेझेटनं तर १७५० पासून रोज रात्री स्वतःच्या घरी काळ्या मुलांना शिकवलं आणि १७७० ला क्वेकरांकडून त्यांच्यासाठी शाळा सुरू करवली, पुढे फिलाडेल्फियातला मोठा उद्योजक झालेला जेम्स फोर्टन तिथेच शिकला. उत्तर कॅरोलिनात मात्र उलटं झालं, तिथल्या सरकारनं १७७७ ला कायदा केला आणि क्वेकरांनी सोडलेली माणसं पकडून पुन्हा लिलावात विकली.

वाईट हे की ज्यांना सोडलं त्यांना शेजारी बसवून घेतलं नाही. सभेला या म्हणायचे, पण भिंतीलगत किंवा जिन्याखाली वेगळं बाक. फिलाडेल्फियाच्या आर्च स्ट्रीट मीटिंग हाऊसमध्ये १९व्या शतकातही ग्रेस डग्लस आणि तिची मुलगी सारा अशाच वेगळ्या बाकावर बसायच्या. कुणी गोरा तिथे बसायला लागला तर त्याला सांगायचे की हे काळ्यांचं बाक आहे, आणि हे साराच्या कानावर पडायचं, तिनं लिहून ठेवलंय. ग्रेस आयुष्यभर क्वेकरांसारखी राहिली पण सभासद झाली नाही. सगळ्यांच्या आत एकच प्रकाश म्हणणाऱ्यांनी हे केलं, यावर मला कुठलीही सबब मान्य नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या वेस्टपोर्टला मात्र १८०८ मध्ये पॉल कफी या काळ्या जहाजमालकाला सभासद करून घेतलं. पाच वर्षांनी तिथे नवं मीटिंग हाऊस उभं राहिलं त्याच्या खर्चातला मोठा वाटा कफीनं उचलला. त्याच्या जहाजांवर आणि सिएरा लिओनच्या सफरींवर पुढच्या आठवड्यात वेगळा धागा काढतो, इथे फार लांबेल.